प्रतिस्पर्ध्याच्या एसडीआर टेस्टवर आक्षेप कसा घ्यायचा

समजा तुम्ही एसडीआर (सॉफ्टवेअर डिफाइंड रेडिओ, म्हणजे सिग्नलवरचं बरंचसं काम सॉफ्टवेअरने करणारा रेडिओ) रिसीव्हर बनवता आणि समोरच्या कंपनीने त्यांचा नि तुमचा रिसीव्हर शेजारी ठेवून टेस्ट टाकली, त्यात तुमचा पार बहिरा दिसतोय. लगेच उत्तर लिहू नका. आधी त्यांचा दावा कागदावर उतरवा: फ्रिक्वेन्सी कुठली, सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने घेतले), गेन (सिग्नल किती वाढवला), फिल्टरची रुंदी, ड्रायव्हरचं व्हर्जन. जे दिलेलं नाही ते लेखी विचारा आणि रॉ आयक्यू रेकॉर्डिंगही (रिसीव्हरमधून आलेला कच्चा डेटा) मागा.

मग स्क्रीनशॉट बघा. "आमचा नॉइज फ्लोअर (सिग्नल नसतानाची खरखरीची पातळी) १२ डीबीने खाली" असं म्हणत असतील तर दोन्हीकडे एफएफटी (सिग्नलची फ्रिक्वेन्सीनुसार फोड करणारं गणित) साइझ सारखा होता का ते तपासा, कारण त्याच सॅम्पल रेटला ४०९६ ऐवजी ६५५३६ पॉइंट घेतले की काहीही न सुधारता फ्लोअर बरोब्बर १२ डीबी खाली दिसतो! शिवाय कॅलिब्रेट न केलेली डीबीएफएस स्केल (त्या रिसीव्हरच्याच कमाल पातळीच्या तुलनेत) म्हणजे डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत खरी पॉवर) नव्हे, दोन वेगळ्या रिसीव्हरचे ते आकडे शेजारी मांडता येत नाहीत.

सेन्सिटिव्हिटीचंही (किती कमजोर सिग्नल पकडतो) तेच, ५०० हर्ट्झ फिल्टरमध्ये मोजलेला आकडा आणि २४०० हर्ट्झमध्ये मोजलेला आकडा यात नुसत्या फिल्टरमुळे जवळजवळ ७ डीबीचा फरक पडतो.

पण खरी गोम असते गेनमध्ये. सॉफ्टवेअरमधला गेन ३० म्हणजे दोन्ही रिसीव्हरमध्ये सारखाच गेन असं अजिबात नसतं, ट्यूनर वेगळा, टप्पे वेगळे. आणि सगळ्यात अन्यायाचं काय, तर स्वतःची सेन्सिटिव्हिटी फुल गेनवर मोजायची, ओव्हरलोड (किती जोरदार सिग्नलला रिसीव्हर गडबडतो) कमी गेनवर मोजायचा आणि दोन्ही चांगले आकडे एकाच टेबलात टाकायचे. रिसीव्हर एका वेळी एकाच गेनवर चालतो, त्यामुळे दोन्ही मापं त्याच सेटिंगवर घेतलेली हवीत, आक्षेपाचा पहिला मुद्दा हाच ठेवा.

डायरेक्ट सॅम्पलिंग रिसीव्हरला (अँटेनाचा सिग्नल थेट आकड्यांत बदलणारा) आयपी३ चा (जोरदार सिग्नल एकमेकांत मिसळण्याला रिसीव्हर किती दाद देत नाही त्याचं माप) आकडा चिकटवला असेल तर तोही धरा. ॲनालॉगमध्ये दोन्ही टोन १० डीबीने कमी केले की थर्ड ऑर्डर इंटरमॉड (दोन टोन मिसळून तयार होणारा खोटा सिग्नल) ३० डीबीने पडतो, एडीसी (सिग्नल आकड्यांत बदलणारी चिप) तो नियम पाळत नाही, मग आयपी३ ला अर्थच उरत नाही. तिथे नॉइज पॉवर रेशो टेस्ट (रुंद पट्ट्यात खरखर भरून मधल्या रिकाम्या खाचेत किती खरखर शिरते ते बघणारी) मागा.

आता स्वतः टेस्ट करा. एकच अँटेना, स्प्लिटर (एक सिग्नल दोन वाटांनी देणारा), दोन्ही रिसीव्हर एकाच वेळी चालू, आणि मग स्प्लिटरचे पोर्ट अदलाबदल करून परत, म्हणजे पोर्टचा दोष रिसीव्हरवर जात नाही. जमलं तर सिग्नल जनरेटरवरही करा. सगळी सेटिंग्ज आणि रेकॉर्डिंग उत्तरासोबत द्या.

जिथे ते बरोबर आहेत तिथे सरळ मान्य करा. तुमचं ८ बिट आणि त्यांचं १२ बिट असेल तर कागदावरच एडीसीच्या डायनॅमिक रेंजमध्ये २४ डीबीचा फरक आहे, त्यावर भांडून बाकीचे खरे मुद्दे वाया जातील.

तीच टेस्ट त्यांनी भारतात जाहिरातीत वापरली असेल तर मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते. तुलना करायला बंदी नाही, पण ती खरी हवी आणि पुराव्याने सिद्ध करता यायला हवी, म्हणून तक्रारीसोबत तुमची मोजमापं आणि त्यांच्याकडे केलेल्या लेखी विचारणेची प्रत जोडा.