बाळाचा विचार आहे? फवारणीचे कपडे आधी वेगळे करा
सांगोल्याकडं डाळिंब, पंढरपूरकडं द्राक्षं. फवारणी चुकत नाही. पण मूल हवं असेल तर जपायचं फक्त बाईनंच, हे डोक्यातून काढा. पुरुषाचं बीज तयार व्हायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. तेवढे महिने आधीपासून त्यानंही पंपाला हात न लावलेला बरा. जमतच नसेल तर हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या आणि घरी आल्या आल्या अंघोळ. ते कपडे बायकोपुढं टाकू नका (सवय असते, माहीत आहे!), वेगळ्या बादलीत स्वतः धुवा. कापड रंगवणाऱ्या रंगखात्यातल्या कामगारांनीही हेच करावं. विड्या वळणाऱ्या बाईच्या अंगात तर निकोटीन कातडीतूनही जातं. विड्या वळायचं तंबाखूचं सुपडं निदान झोपायच्या खोलीत नको. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र मूल हवं असलेल्या प्रत्येक बाईनं डॉक्टरांना विचारून दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करावी.