बँकेत क्लार्क म्हणून लागलात? कॅशवर फार तरबेज होऊ नका

जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचा फॉर्म पहिल्या संधीला भरा, यावर वाद नको. २०२३ पासून चार पेपर आहेत, प्रत्येकी १०० गुणांचे, ५० ला पास. पास झालात की इन्क्रिमेंट, पुढे सीएआयआयबी या वरच्या परीक्षेचे पाच पेपर काढलेत की पुन्हा. वाढ मूळ पगारात बसते, डीए तिच्यावरही मिळतो. टेलिग्रामवरचे मागच्या वेळचे प्रश्न घोकूनही लोक पास होतात. मला ते पटत नाही, पण घराचे हप्ते भरणाऱ्याला मी काय शहाणपण शिकवणार!

बँक परीक्षेचे पैसे देते, शेजारच्या टेबलाचं काम शिकण्याचे नाही. मॅनेजरचं मोजमाप ठेवी, कर्जं, एनपीए (थकलेली कर्जं) आणि विम्याच्या पॉलिसींवर होतं. नव्या पोराला कर्जाची फाइल समजावली का, हे रिव्ह्यूत कोणी विचारत नाही.

आता सापळा. यात मी स्वतः काही वर्षं होतो, म्हणून जरा पाल्हाळ. तुम्ही कॅशला बसता. हात बसतो, रोज कॅश टॅली होते, रांग भरभर सरकते, पेन्शनवाल्या आजी तुमचीच खिडकी शोधत येतात. साहेब खूश. खूश, म्हणूनच ते तुम्हाला तिथून उठवत नाहीत. जो सारखा घोळ घालतो त्याला ‘कॅशला नको रे बाबा’ म्हणून लोनला बसवतात आणि तो तिथे गहाणखत, स्टॉक स्टेटमेंट सगळं शिकतो. रोटेशनचं, म्हणजे टेबलं आळीपाळीने बदलण्याचं, परिपत्रक असतं, पण ‘स्टाफ कमी आहे’ म्हटलं की विषय संपला. हळूहळू तुम्हीच म्हणू लागता, ‘ते आपलं टेबल नाही.’ बँकेतला कामचुकार बहुतेक वेळा असाच तयार होतो. परीक्षा देऊन आला तेव्हा तो तसा नव्हता.

मग ऑफिसर प्रमोशनचा इंटरव्ह्यू येतो. डिमांड प्रॉमिसरी नोट, म्हणजे मागताच पैसे फेडण्याचं कर्जदाराचं लेखी वचन. तिच्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षं, हे सगळ्यांना पाठ. मुदत संपण्याआधी कर्ज बाकी असल्याची कर्जदाराची लेखी कबुली घेतली तर? सहीच्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजतात. संपल्यावर घेतली तर? नुसत्या कबुलीने गेलेली मुदत परत येत नाही. पुस्तकात आहे सगळं, पण ज्याने त्या सहीसाठी कर्जदाराच्या दारात चकरा मारल्यात तो इथे अडखळत नाही.

रोटेशन लेखी मागा. कॅश बंद झाल्यावर लोन ऑफिसरच्या फाइली लावून द्या, त्यांना मदतीला माणूस हवाच असतो. मेंटॉर वगैरे शोधत बसू नका, रिटायरमेंटला आलेला हेड कॅशियर गाठा. त्यांना कशाची स्पर्धा उरलेली नसते, मोकळेपणाने सांगतात. मात्र दुसऱ्याच्या लॉगिनवर एकही एंट्री करू नका, समोरचा ‘अरे मी सांगतोय ना’ म्हणाला तरी. चौकशी लागली की दोघंही अडकता.

उशीर झालाय असं वाटत असेल तर घाबरू नका, चाळिशीत स्केल वन, म्हणजे पहिल्या पायरीचे ऑफिसर, झालेले मी पाहिलेत. आणि बदली झाल्यावर नवीन शाखेत ‘आधी कुठे बसायचात?’ विचारलं, तर कॅशचं कौतुक जरा आवरतं घ्या.