बी.एस्सी.ला गणित घेताना: फॉर्मपासून पहिल्या सत्रापर्यंत

बारावी सायन्सचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडे घराघरांत नीट आणि सीईटीचीच चर्चा असते. बी.एस्सी.चा फॉर्म मग शेवटच्या दोन दिवसांत घाईघाईने भरला जातो आणि मित्राने घेतलं म्हणून किंवा जागा शिल्लक होती म्हणून गणित पदरात पडतं. पहिल्या सत्रात जे अडतात, त्यांतले बहुतेक कॅल्क्युलसमुळे अडत नाहीत. त्यांचं नववी-दहावीचं बीजगणित कच्चं असतं. ही दुरुस्ती वर्ग सुरू होण्याआधी करता येते, म्हणून आधी तिचा विचार करा आणि मग विषय ठरवा.

सर्वात आधी आपलं कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे ते बघा. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. दोन्हींचे अभ्यासक्रम आणि पेपरचे कोड वेगळे आहेत, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातल्या मावसभावाच्या नोट्स जशाच्या तशा चालत नाहीत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून बी.एस्सी. प्रथम वर्ष गणिताचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि त्याची छापील प्रत वहीत लावा.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत गणित तीन वाटांनी घेता येतं. मेजर घेतलं तर पदवी गणिताची होते. मायनर घेतलं तर मुख्य विषय दुसरा राहतो आणि गणिताचे ठरावीक क्रेडिट, म्हणजे तासांवरून मोजलेले श्रेयांक, मिळतात. तिसरी वाट ओपन इलेक्टिव्हची. ती कला-वाणिज्यच्या मुलांसाठी असते आणि तिथे बहुधा शेकडेवारी, व्याज, तक्ते-आलेख असा व्यवहारी भाग असतो. पहिल्या वर्षी निवडलेल्या विषयांतूनच पुढे मेजर-मायनर ठरतं. ते कोणत्या सत्रापासून, हे प्रवेशाच्या वेळीच विभागात विचारून घ्या. पुढे एम.एस्सी. किंवा तिच्या प्रवेशासाठीची आयआयटीची जॅम परीक्षा डोक्यात असेल तर मेजरच घ्या. जॅमच्या गणिताच्या पेपरात रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप थिअरी आणि डिफरेन्शियल इक्वेशन्स यांचा मोठा वाटा असतो आणि मायनरमध्ये हे सगळं पुरेशा खोलीने होत नाही. फक्त स्पर्धा परीक्षेतलं अंकगणित पक्कं व्हावं म्हणून मेजर घेऊ नका. पदवीचं गणित सिद्धतेकडे जातं, त्या परीक्षांना वेग लागतो.

बारावीला गणित नसेल, म्हणजे फक्त बायोलॉजी ग्रुप असेल, तर गणित मेजरला सहसा प्रवेश मिळत नाही. त्यावर उपाय आहे. बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला एकच विषय घेऊन राज्य मंडळाच्या परीक्षेला बसता येतं, त्याला आयसोलेटेड म्हणतात. अर्जाची मुदत कनिष्ठ महाविद्यालयात विचारा.

आता स्वतःची चाचणी. कॅल्क्युलेटर नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत, वेळ अर्धा तास.

१) ३/४ − ५/६ + १/८ सोडवा.
२) (क्ष² − ९) ÷ (क्ष² − ५क्ष + ६) ला सोपं रूप द्या.
३) १/(क्ष − २) > ३ हे कोणत्या क्ष साठी खरं?
४) ४ चा क्ष घात ८ असेल, तर क्ष किती?
५) साइन १५०° आणि कोसाइन १५०° सांगा.
६) (१, ३) आणि (४, ९) मधून जाणाऱ्या रेषेचं समीकरण लिहा.

उत्तरं: १/२४; (क्ष + ३)/(क्ष − २), पण क्ष ३ नसताना; क्ष हा २ आणि ७/३ च्या मध्ये; ३/२; १/२ आणि −√३/२; य = २क्ष + १.

तिसऱ्या प्रश्नात बहुतेक जण (क्ष − २) ने दोन्ही बाजूंना सरळ गुणतात आणि क्ष < ७/३ लिहून मोकळे होतात. क्ष = ० घालून बघा: डावीकडे −१/२ येतं, ते ३ पेक्षा मोठं नाही. (क्ष − २) ऋण असेल तर गुणताना असमतेचं चिन्ह उलटतं, म्हणून आधी क्ष > २ आणि क्ष < २ अशा दोन शक्यता वेगळ्या कराव्या लागतात. हीच सवय पुढे लिमिटच्या सिद्धतेत रोज लागते, म्हणून आमच्या मते सहांपैकी हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा.

पाच-सहा बरोबर असतील तर बिनधास्त मेजर घ्या. तीन-चार असतील तरी घ्या, पण खालची दुरुस्ती आधी करा. त्याहून कमी असतील तर मायनरचा विचार करा, किंवा दुरुस्ती करून हीच चाचणी आकडे बदलून पुन्हा द्या.

दुरुस्तीला सहा आठवडे आणि रोज दीड तास पुरतो. क्लासची गरज नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. पहिले दोन आठवडे आठवीचं गणित आणि नववी-दहावीचं गणित भाग १: अवयव, अपूर्णांक, घातांक, वर्गसमीकरणं. पुढचे दोन अकरावीच्या त्रिकोणमितीला आणि दुसऱ्या भागातल्या संच-संबंध व फलन या प्रकरणांना. पाचवा आठवडा अकरावीच्या लिमिट, सांतत्य आणि डिफरेन्शिएशनला. शेवटचा बारावी भाग १ च्या पहिल्या प्रकरणाला, म्हणजे मॅथेमॅटिकल लॉजिकला. बोर्डाला हे प्रकरण हमखास गुणांचं म्हणून ट्रुथ टेबल पाठ करून सोडून दिलं जातं. पण 'प्रत्येकासाठी' आणि 'असा एक तरी आहे' या विधानांचा नकार कसा होतो ते तिथेच शिकवलं आहे आणि पदवीचं अर्धं गणित त्यावर उभं आहे.

हे कच्चं राहिलं की पहिला फटका बसतो तो सांतत्याच्या एप्सिलॉन-डेल्टा व्याख्येत. क्ष² हे फलन क्ष = २ ला सांतत्यपूर्ण आहे हे दाखवायचं आहे. समोरच्याने कोणताही धन एप्सिलॉन दिला तरी आपल्याला असा धन डेल्टा द्यायचा आहे की |क्ष − २| हे डेल्टापेक्षा लहान असेल तेव्हा |क्ष² − ४| हे एप्सिलॉनपेक्षा लहान राहील. कच्चं काम उलटीकडून करा. |क्ष² − ४| = |क्ष − २| × |क्ष + २|. दुसरा अवयव क्ष बरोबर वाढतो, त्याला आधी आवरलं पाहिजे. |क्ष − २| < १ ठेवलं तर क्ष १ आणि ३ च्या मध्ये राहतो, म्हणजे |क्ष + २| < ५. मग डेल्टा म्हणून १ आणि एप्सिलॉन/५ यांतला लहान घ्या, काम झालं. उत्तरपत्रिकेत मात्र क्रम सुलट लिहा: आधी एप्सिलॉन दिलेला माना, मग डेल्टा सांगा, मग असमता दाखवा. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे डेल्टामध्येच क्ष येऊ देणं, जसं डेल्टा = एप्सिलॉन/|क्ष + २|. डेल्टा क्ष च्या आधी ठरतो, त्यामुळे हे चालत नाही आणि गुण जातात.

वेळेचा हिशोब असा. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास धरतात, प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला ३० तास. दोन क्रेडिटच्या पेपरला वर्गात जेमतेम ३० तास मिळतात. तेवढ्यात सर प्रमेय सांगतील, एखाद-दोन उदाहरणं करतील. उरलेला सराव घरचा. प्रत्येक तासामागे घरी दोन तास धरा आणि त्याच दिवशी बसा. जुलै-ऑगस्टमध्ये खुरपणी-फवारणीच्या दिवसांत तास बुडतात आणि नेमकं तेव्हाच सीक्वेन्स, लिमिट हे पायाचे भाग चालू असतात. बुडालेल्या तासाच्या पानाचा फोटो घेऊन भागत नाही. ते पान हाताने उतरवा आणि प्रत्येक ओळीखाली ती वरच्या ओळीतून का आली ते मराठीत लिहा. जिथे कारण लिहिता येत नाही, ती ओळ सरांना दाखवा.

प्रॅक्टिकल बऱ्याच ठिकाणी दुपारी असतात. गावाकडून एसटीने येणाऱ्यांनी विषयांची जोडी ठरवतानाच वेळापत्रक आणि शेवटची गाडी जुळते का ते बघावं, कारण प्रॅक्टिकलची हजेरी आणि वही दोन्हींना गुण असतात. जोडीला फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं बरं, तिथे हेच कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स वापरात येतात.

एखादा पेपर राहिला तर तो पुढच्याच संधीला काढा. कॅल्क्युलस राहिलं की डिफरेन्शियल इक्वेशन्स अडतं, मॅट्रिक्स राहिलं की लिनिअर अल्जिब्रा.

विषय बदलायचा असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांतच विभागप्रमुखांच्या सहीने प्राचार्यांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. परीक्षेचा फॉर्म भरताना प्रत्येक पेपरचा कोड वहीत लावलेल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघा. मेजरच्या जागी मायनरचा कोड पडला तर हॉल तिकिटावर भलताच पेपर येतो. ती दुरुस्ती फॉर्मची मुदत संपायच्या आत कॉलेजच्या परीक्षा विभागातून करून घ्या.