गुडघा बदलताना रक्ताच्या बाबतीत या चुका टाळा

ऑपरेशनची तारीख आधी ठरते आणि हिमोग्लोबिन आदल्या दिवशी बघितलं जातं. नाशकात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना हीच चूक मला सगळ्यात जास्त दिसते. गुडघा बदलताना टेबलावर दिसतं तेवढंच रक्त जात नाही, नंतरही सांध्यात आणि मांडीच्या स्नायूंत झिरपत राहतं. म्हणून बायकांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन असेल तर आधी कारण शोधा. निदान महिनाभर आधी तपासा.

निफाडकडच्या एक आजी आल्या होत्या. द्राक्षं उतरली होती, एप्रिलची खरड छाटणी तोंडावर होती आणि मुलाला त्याआधी सगळं उरकायचं होतं. हिमोग्लोबिन ८.६. आधीच्या हॉस्पिटलात "आदल्या रात्री दोन पिशव्या चढवू" म्हणून तारीखही मिळाली होती. मी विचारलं, "आजी, गुडघ्यासाठी काय घेता?" त्यांनी पिशवीतून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळ्यांची पट्टी काढली. कित्येक वर्षं रोज, बहुतेकदा उपाशीपोटी. शौचाचं विचारलं तर म्हणाल्या, "काळीच होते. गोळी गरम पडत असेल." दुर्बिणीने बघितलं, तर जठरात अल्सर आणि त्यातून रक्त झिरपतंय. गुडघा बदलल्यावर पायात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध द्यावं लागतं. या अल्सरवर ते दिलं असतं तर? मुलगा नाराज झाला, पण आधी अल्सर बरा केला, शिरेतून लोह दिलं. आषाढात ऑपरेशन झालं तेव्हा हिमोग्लोबिन १२ च्या वर होतं. एकही पिशवी लागली नाही.

आदल्या रात्री दोन पिशव्यांचा तो शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. आकडा वाढतो, आजार तिथेच राहतो.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

"आईला माझंच रक्त द्या," असं मुलं मायेने म्हणतात. पण रक्ताच्या नात्यातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्याच शरीरावर उलटतात आणि त्यातून वाचणं फार कठीण असतं. तुम्ही रक्तदान जरूर करा, आईसाठी मात्र रक्तपेढीतलं रक्त येऊ द्या.

नव्या डॉक्टरांनी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, विसरू नये. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतींनी १९६२ मध्ये ते जगासमोर आणलं. स्वस्त आहे आणि रक्त चढवायची वेळ खरोखर कमी येते. मी चीर देण्याआधी १ ग्रॅम देतो, टाके घालताना पुन्हा एकदा. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी, फिट येण्याचा आजार असेल तर जपून.

ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन ९ आलं की नातेवाईक घाबरतात आणि घाईतला डॉक्टर लगेच दोन पिशव्या लिहितो. पेशंट स्थिर असेल, धाप किंवा छातीत दुखणं नसेल, तर साधारण ८ पर्यंत थांबता येतं. त्याखाली गेलं तरी आधी एकच पिशवी द्या. तिने सुमारे १ ग्रॅम वाढतं. मग पेशंटकडे बघा, पुन्हा तपासा. म्हाताऱ्या हृदयावर घाईने दुसरी लादली तर फुप्फुसात पाणी भरतं. हिमोग्लोबिन सगळ्यात खाली बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातं, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या रिपोर्टवर मी कुणालाही घरी पाठवू देत नाही.