अगरची लागवड करताय? कोकणातल्या बागायतदारांनो, या चुका टाळा

अगर म्हणजे अत्तर-धुपासाठी लागणाऱ्या सुगंधी राळेचं झाड. त्याच्या रोपांच्या जाहिराती आता कोकणातल्या बागायतदारांच्या मोबाइलवरही येऊ लागल्या आहेत. काही वर्षं थांबा आणि झाडामागे लाखाच्या हिशेबात कमवा, असा त्यांचा सूर असतो. झाड आपल्याकडे वाढेल, याबद्दल मला फारशी शंका नाही. ते मूळचं आसाम आणि ईशान्येकडच्या ओल्या प्रदेशातलं, आणि कर्नाटकात मलनाड-कोडगूच्या सुपारी-कॉफीच्या बागांतही ते लावलं गेलं आहे. पण अत्तरवाला पैसे मोजतो ते खोडाच्या आतल्या राळेसाठी, आणि ती आपोआप तयार होत नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

झाड वाढलं म्हणजे राळ झाली, असं धरून चालणं

निरोगी अगरचं लाकूड पांढरट, हलकं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. त्याला भाव नाही. खोडाला इजा होऊन आत बुरशी शिरली, की झाड स्वतःच्या बचावासाठी त्या भागात गडद, तेलकट राळ साठवू लागतं. आसामात हे काम बऱ्याचदा खोडकिडा करतो. अळी खोडात बोगदे पाडते आणि त्या वाटेनं बुरशी आत जाते. आपल्याकडे ही कीड येईल या भरवशावर बसता येत नाही. त्यामुळे खोडाला भोकं पाडून बुरशीचं द्रावण किंवा रसायन सोडावं लागतं. हा खर्च रोपाच्या किमतीत धरलेला नसतो. शिवाय एकच द्रावण एका झाडात चांगली राळ देतं आणि शेजारच्या झाडात जेमतेम रेघ उमटवतं.

म्हणून रोप घेण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. द्रावण कोण देणार, त्याचा खर्च किती, आणि त्याच द्रावणावर तयार झालेला माल कोणी, कुठे विकला आहे? तिसऱ्या प्रश्नाला बागेचं नाव-गाव मिळालं नाही, तर रोप घेऊ नका.

घाईनं भोकं पाडणं

छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास निदान 10 सेंटीमीटर होईपर्यंत खोडाला हात लावू नये. कोवळ्या झाडात राळ धरायला पुरेसं लाकूडच नसतं. भोकं पाडतानाही सगळी बाग एकदम घेऊ नका. आधी चार-पाच झाडं करून पाहा. काही महिन्यांनी भोकाच्या बाजूचं थोडं लाकूड काढा. ते काळपट-तपकिरी दिसतं का बघा, मग निखाऱ्यावर एक ढलपी टाका. नुसता लाकडाच्या धुराचा वास आला, तर थांबा आणि द्रावण बदलण्याचा विचार करा.

भोकं पाडल्यावर झाडाचा शेंडा वाळू लागला, तर बहुधा ती एकाच उंचीवर गोल रांगेत पाडलेली असतात. त्यामुळे खोडातला पाण्याचा प्रवाह चहूबाजूंनी तुटतो. भोकं नागमोडी, वर चढत जाणारी ठेवावीत. ऐन पावसात हे काम काढू नये, पाणी आत शिरून नुसती कूज होते.

आपल्या सवयीची एक चूक इथे मुद्दाम सांगतो. आंब्याच्या जखमेला बोर्डो पेस्ट लावायला आपला हात आपोआप जातो. अगरच्या भोकांना ती लावू नका. बुरशी आत जगावी म्हणून खटपट करायची आणि वरून बुरशीनाशक फासायचं, यात दोन्ही खर्च वाया जातात. सुपारीवर कोळेरोगासाठी (फळं कुजवणाऱ्या रोगासाठी) बोर्डोची फवारणी करतानाही मधल्या अगरच्या भोकांवर मारा जाणार नाही, एवढं पाहा.

पाऊस आहे म्हणून पाणी आहे, असं मानणं

कोकणात साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. आसामात पावसाआधीही वळिवाच्या सरी येतात, आपल्याकडे मार्च-एप्रिलात जांभा तापलेला असतो. पहिले दोन-तीन उन्हाळे शिंपण आणि पालापाचोळ्याचं आच्छादन नसेल, तर रोपं तगत नाहीत. उघड्या कातळावर सुरुंगाचे खड्डे घेऊन कलमं लावतात, तसं अगर लावू नये. पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. भातखाचरातही हेच होतं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यासमोरची जागाही टाळा.

माझ्या मते अगरची खरी जागा सुपारीच्या बागेत आहे. तिथे सावली, ओलावा आणि पाटाचं पाणी आधीच असतं, आणि आसामात सुपारीबरोबर अगर लावण्याची रीत जुनीच आहे. मुख्य म्हणजे राळ नाही आली, तरी त्या वर्षी घरात सुपारी येते.

एकाच झाडाचं रान करणं

दाट, सलग अगर लावलं की पानं खाणाऱ्या अळ्यांना मोकळं रान मिळतं. अंडी पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्यानं असतात आणि लहान अळ्या झुंडीनं खातात. तीच वेळ पकडायची. पुंजक्याचं पान तोडून नष्ट करा, गरज पडली तर निंबोळी अर्क फवारा. अळ्या मोठ्या झाल्या, तर झाड पार निष्पर्ण करतात. कोष जमिनीत होतात, त्यामुळे बुंध्याभोवतीची वरची माती हलवून घ्यावी.

कोरड्या मुलखातली झाडं इथे आणणं

अगरच्या जोडीला गुग्गुळ आणि सालई या राळेच्याच झाडांची रोपंही खपवली जातात. गुग्गुळ राजस्थान-कच्छच्या रखरखीत जमिनीतला, सालई सातपुड्याच्या कोरड्या डोंगरांवरची. आपला पाऊस त्यांना सोसणारा नाही. सुवासिक राळेचंच झाड हवं असेल, तर सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातला काळा धूप बघा. त्याची राळ धुपासाठी वापरतात. झाड मोठं आणि सावकाश वाढणारं, बीही उशिरा रुजतं. त्यामुळे त्यात या पिढीचा पैसा धरू नका, घाटपायथ्याच्या वरकस जमिनीत चार-दोन झाडं जरूर लावा. राळ जास्त यावी म्हणून बुंध्याशी जाळ करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती झाडाच्या जिवावर उठते.

कागद मागे ठेवणं

आसामातल्या या अगरचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1995 पासून सायटीस, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणात आहे. त्यामुळे परदेशी जाणारा माल लागवडीचाच आहे हे दाखवता आलं पाहिजे. रोपखरेदीची पावती जपा. लावलेल्या वर्षीच ई-पीक पाहणीत नोंद करा आणि सातबारावर झाडं दिसतात का ते तपासा. तोडीआधी वन खात्याकडे तोड आणि वाहतुकीच्या परवानगीची लेखी विचारणा करा. विक्रेता पुनर्खरेदीचा करार देत असेल, तर दर कोणत्या प्रतीला, प्रत कोण ठरवणार आणि द्रावण फसलं तर तोटा कोणाचा, हे मराठीत लिहून घ्या. ते लिहून द्यायला तो तयार नसेल, तर आगाऊ रक्कम देऊ नका.