आठवड्याला एक अडणारी ओळ

सोमवारी सकाळी टाचण वही, म्हणजे शिक्षकाची आठवड्याच्या आखणीची वही, मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाते तेव्हा तिच्यात मराठीच्या सहाही तासिका व्यवस्थित भरलेल्या असतात. सही होते, वही परत येते. त्या सहांतल्या चारच खऱ्या धरा. रत्नागिरीच्या किनाऱ्यालगतच्या शाळेत 23 वर्षं नववी-दहावीला मराठी शिकवतेय, पण सहाच्या सहा तासिका सुखरूप मिळाल्या असे आठवडे बोटावर मोजण्याइतकेच. जुलैत अतिवृष्टीची सुट्टी लागते. नाही लागली तर वरच्या वाडीची एसटी चुकते आणि पहिल्या तासाला मागचे तीन बाक रिकामे. गणपतीच्या आधीच्या आठवड्याचं तर बोलूच नका. म्हणून आखणी चार तासिकांची करावी. उरलेल्या दोन मिळाल्या तर भाषाभ्यासाला, म्हणजे व्याकरणाला लावाव्यात.

त्या चारांत काय करायचं, हे मला उशिरा कळलं. सुरुवातीची काही वर्षं मी सोमवारीच कवितेचा अर्थ सांगून टाकायची. मुलं उतरवून घ्यायची, मी खूश. एकदा सहामाहीच्या पेपरात 34 मुलांनी रसग्रहणात एकच वाक्य लिहिलं : ‘कवीने निसर्गाचे सुंदर चित्रण केले आहे.’ त्या कवितेत निसर्ग औषधालाही नव्हता. वाक्य माझंच होतं, आधीच्या कवितेच्या वेळी सांगितलेलं. लाल पेन कुणावर चालवणार?

तेव्हापासून प्रत्येक पाठातली, प्रत्येक कवितेतली एक अडणारी ओळ शोधते आणि सगळा आठवडा तिच्याभोवती बांधते. अवघड शब्दाची ओळ वेगळी, तिला शब्दकोश पुरतो. अडणारी ओळ म्हणजे दोन मुलं जिचे दोन अर्थ सांगतील आणि दोघंही पुस्तकावर बोट ठेवून ‘बाई, हे बघा’ म्हणू शकतील अशी. ती रविवारी संध्याकाळी शोधायची. हातात पाठ्यपुस्तक आणि पेन्सिल, बास. गाईड कपाटात. आपण स्वतः कुठे थबकतो ते बघायचं आणि तिथे खूण करायची.

दहावीच्या कुमारभारती या मराठीच्या पाठ्यपुस्तकातला संत नामदेवांचा ‘अंकिला मी दास तुझा’ हा अभंग घ्या. दिसायला सोपा : बाळ आगीत पडलं की आई धावते, पिल्लू खाली पडलं की पक्षिणी झेपावते, वासरू भुकेलं की गाय हंबरत येते, तसा तू माझ्यासाठी धाव. मग येतं ‘वणवा लागलासे वनीं । पाडस चिंतीत हरणीं’. इथे कोण कुणाची काळजी करतंय? हरिणी पाडसाची, की पाडस हरिणीची?

सोमवारी हे विचारू नका. सोमवार वाचनाचा. एकदा तुम्ही वाचा, एकदा आवाज लागणारी मुलगी वाचेल, मग अर्धा वर्ग पहिला चरण आणि अर्धा दुसरा, असं आलटून पालटून. ‘अंकिला’, ‘वत्स’, ‘धेनु’ एवढे शब्द फळ्यावर. ‘कनवाळू’ मुलांना येतो, तो लिहू नका. कुणी ‘बाई, अर्थ?’ म्हटलं की ‘गुरुवारी’ म्हणायचं. पहिले काही आठवडे मुलं कुरकुरतात, पालकही विचारतात. निभावून न्या.

मंगळवारी फळ्यावर ती एकच ओळ लिहा आणि विचारा. गेल्या वर्षी माझ्या वर्गाचे सरळ दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, आधीच्या तिन्ही दाखल्यांत आईच धावते, मग इथेच उलटं कसं होईल? मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. घरची काजूची कलमं आहेत त्यांची. एरवी त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर नारळ फोडावा लागतो. म्हणाला, ‘बाई, फेब्रुवारीत आमच्या सड्यावरचं, वरच्या कातळावरचं गवत पेटलं. आम्ही ओल्या डहाळ्यांनी झोडपत होतो. धुरात काय दिसत नाय. आई कुठे हाय ह्येच बघत होतो मी.’ वर्ग गप्प. नंतर खिडकीजवळची मुलगी हळूच म्हणाली, ‘आणि पुढच्या ओळीत चातकच मेघाला विनवतो ना? तिथे आई धावत नाही, लहानच मागतं.’ म्हणजे हरिणीची ओळ मधल्या उंबरठ्यावर उभी आहे, मागच्या ओळींकडेही झुकते आणि पुढच्याकडेही. हे मला गाईडने सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तोवर दिसलं नव्हतं.

इथे निकाल देण्याचा मोह होतो. देऊ नका. तास संपू द्या.

बुधवारी अर्धं पान लेखन : तू कुठल्या बाजूचा, आणि कवितेतला कुठला शब्द तुझा साक्षीदार? साक्षीदार नसेल तर उत्तर परत. गुरुवारी त्याच अर्ध्या पानातून रसग्रहण उभं करायचं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे मुलांना पाठ असतात, भरायला माल नसतो. तो बुधवारी जमलेला असतो. रसग्रहणाला गुण चारच, पण मूळ कविता समजली की पद्याचे बाकीचे 12 गुणही सोपे जातात.

शुक्रवारचा भाषाभ्यास वेगळ्या वहीत नेऊ नका. ‘जैसा’, ‘तैसा’ कवितेतच आहेत, उपमा तिथेच दाखवा आणि पुढे चला.

गद्याला हीच रीत, फक्त ओळीऐवजी परिच्छेद. पत्र, बातमी अशा उपयोजित लेखनाला मात्र ती लागू पडत नाही. कृतिपत्रिकेच्या, म्हणजे दहावीच्या प्रश्नपत्रिकेच्या, 80 पैकी 24 गुण त्याचे, तेव्हा त्याला हंगाम बघून बसवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात आणि बरेच बाबा घरी जाळी विणत बसलेले असतात. बातमीलेखन त्याच दिवसांत घ्या. बंदरावरच्या मुलांना बाबांना तीन प्रश्न विचारून यायला सांगा, बागायतदारांच्या मुलांना बंदरावर पाठवा. ‘आमच्या वार्ताहराकडून’ या शब्दांना एकदम वजन येतं. एकीने जाळ्याच्या आसाचं, म्हणजे भोकाचं माप बातमीत दिलं होतं, ते मी वडाच्या पारावर बसणाऱ्या एका तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला विचारून तपासलं. बरोबर निघालं.

राहिला शनिवार, सकाळची शाळा. सगळ्या वह्या घरी ओढून नेऊ नका. आठच न्या, दर आठवड्याला वेगळ्या, आणि त्यांत फक्त बुधवारचं अर्धं पान वाचा. शुद्धलेखनाच्या चुकांखाली रेघ पुरे. समासात एक प्रश्न लिहा, शेरा नको. ‘छान’ लिहिलेली वही मुलं मिटून दप्तरात टाकतात. प्रश्न लिहिलेली वही सोमवारी मधल्या सुट्टीत टेबलावर परत येते, बहुधा डब्यातल्या सोलकढीचा डाग घेऊन.