लॅपटॉप उघडताना या चुका टाळा

पंखा साफ करायला लॅपटॉप उघडला, झाकण पुन्हा लावलं आणि आता कीबोर्डच चालत नाही. अशा वेळी लोक मदरबोर्ड गेला असं धरून चालतात. तसं समजण्याआधी आपल्या हातून काय झालं ते आठवून पाहा. बहुतेकदा एखादी केबल अर्धवट बसलेली असते किंवा लांब स्क्रू भलत्याच भोकात गेलेला असतो.

बॅटरी जोडलेली ठेवून काम करणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. लॅपटॉप बंद आहे, चार्जरही काढलाय, तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं. मग पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीजही निघून जाते.

मी एकदा घाईत हे टाळलं आणि स्क्रीनची केबल काढून परत लावली. ती किंचित तिरकी बसली आणि बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनमागच्या उजेडाचा, फ्यूज उडाला. स्क्रीनवर टॉर्च मारला की चित्र अंधुक दिसायचं, एरवी काळोख. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या त्या फ्यूजसाठी सोल्डरिंग करावं लागलं. त्या दिवसापासून बॅटरी काढल्याशिवाय मी आत बोटसुद्धा घालत नाही.

बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोकदार काही लावू नका, दाबू नका, वाकवू नका. लिथियमची बॅटरी आतून फाटली तर पेट घेते. ती चिकटवलेली असेल तर काम तिथेच थांबवून जाणकाराकडे द्या.

स्क्रू एकाच वाटीत टाकणं

एकाच लॅपटॉपमध्ये ३, ५ आणि ८ मिलिमीटरचे स्क्रू असू शकतात आणि वरून ते सारखेच दिसतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब पिळला की तो वरच्या पॅनेलला टेंगूळ आणतो, नाहीतर थेट बोर्डात घुसतो. कागदावर लॅपटॉपची ढोबळ आकृती काढा आणि स्क्रू निघेल तसा त्याच जागी चिकटपट्टीने लावा. स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं ते स्क्रूड्रायव्हरच्या चुकीच्या मापामुळे: फिलिप्स (अधिक चिन्हासारख्या टोकाचा) ० आणि ००, दोन्ही जवळ हवेत. काही लॅपटॉपना टॉर्क्स टी५ (चांदणीसारख्या टोकाचा) लागतो.

सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका. रबरी पायांखाली किंवा स्टिकरखाली एखादा लपलेला असतो.

केबल ओढणं

खरा धोका इथे आहे. टचपॅड आणि कीबोर्डच्या चपट्या रिबन केबलला बहुधा बारीक खटका असतो. काही खटके वर उचलायचे, काही बाहेर सरकवायचे आणि काही कनेक्टरना खटकाच नसतो. कोणता प्रकार आहे ते भिंगातून आणि भरपूर उजेडात आधी पाहा. सरकवायचा खटका उचलायला गेलात की तो तुटतो, आणि एवढ्याशा तुकड्यासाठी अख्खा कनेक्टर बदलावा लागतो. स्क्रीनच्या केबलचा कनेक्टर पुष्कळदा बोर्डाला समांतर सरकवून काढायचा असतो. वर खेचला तर पिना वाकतात.

कीबोर्ड वरून निघत असेल तर झटक्यात उचलू नका, खाली केबल जोडलेली असते.

वाय-फाय कार्डावरचे अँटेनाचे गोल कनेक्टर फार नाजूक असतात. त्यांची काढ-घाल साधारण ३० वेळा होईल एवढीच धरलेली असते. गरज नसेल तर हात लावू नका. लावताना बरोबर वर धरून सरळ दाबा.

हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, स्क्रूंवर आकडे असतील तर त्या क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा सैल करा. पुन्हा बसवताना प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवीनच हवी. मेमरीच्या चिपवरच्या मऊ पॅडची जाडी ०.५ की १ मिलिमीटर हे मोजूनच बदला, त्या जागी पेस्ट भरू नका.

जोडल्यावर चालू होत नाही?

आधी चार्जर लावा. बॅटरी काढून पुन्हा जोडली की काही मॉडेल चार्जर लावल्याशिवाय जागीच होत नाहीत. दिवा लागतो पण स्क्रीन काळी असेल तर रॅम काढून पुन्हा नीट बसवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, कारण डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅम पहिल्यांदा सुरू होताना वेळ घेते. तरीही काळोख असेल तर बॅटरी परत काढून स्क्रीनची केबल तपासा.

आणि विंडोजने ४८ अंकी बिटलॉकर की (डिस्कवरचं कुलूप उघडणारा आकडा) मागितली तर? बोर्ड बदलल्यावर हे हमखास घडू शकतं. ती की लॅपटॉप उघडण्याआधीच दुसरीकडे लिहून ठेवलेली हवी.